कूलरचा ‘थोडासा’ करंट

‘कूलरला हात लावला की थोडासा करंट लागतो.’ उन्हाळा लागला की आपल्या वस्त्यांमध्ये हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं, जणू दाराची कडी जरा घट्ट झाली आहे. घराघरातले उपायही ठरलेले. चप्पल घालूनच हात लाव, पाणी टाकताना लाकडी पाटावर उभी राहा, पोरांना जवळ येऊ देऊ नको.

मी बरीच वर्षं नर्स म्हणून काम केलं आहे, म्हणून स्पष्ट सांगते. थोडासा करंट असं काही नसतं. कूलरच्या पत्र्यात उतरलेली वीज पूर्ण 230 व्होल्टची असू शकते. ती कमी लागली, कारण हात कोरडा होता आणि पायात चप्पल होती. तोच पत्रा ओल्या हातानं, अनवाणी, पाणी सांडलेल्या फरशीवर धरला की माणूस चिकटतो. हाताचे स्नायू आखडतात आणि सोडायचं म्हटलं तरी पकड सुटत नाही.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ असं बरेच जण म्हणतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नाही. घरातला लहानसा एमसीबीसुद्धा 6 अँपिअरचा, म्हणजे 6000 मिलिअँपिअरचा असतो. छातीतून 30 मिलिअँपिअरच्या आसपास करंट काही वेळ गेला तरी श्वास अडकू शकतो, आणि त्याहून वाढला तर हृदयाचे ठोके विस्कटतात. माणूस जाईल, पण एमसीबी पडणार नाही.

माणसाला वाचवते ती अर्थिंगची हिरवी वायर. आपल्या विदर्भात लोखंडी कूलर गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये बनतात, आणि चार पैसे वाचवायला त्यांना दोनच तारांची वायर लावलेली मी कितीदा पाहिली आहे. कुठे तीन पिनचा प्लग असतो, पण बोर्डातल्या वरच्या मोठ्या छिद्रामागे वायरच नसते. कुठे ती नळाच्या पाइपला गुंडाळलेली असते, हे तर त्याहून वाईट. तुमच्या कूलरचा करंट शेजारणीच्या नळाला येतो. टिल्लू पंप आणि पाण्यात सोडायचा हीटर यांचीही हीच गत. हीटर लावलेल्या बादलीत हात घालून पाणी तापलं का ते बघू नका. आधी बटण बंद करा, मग प्लग काढा.

घरात पाणी भरायचं, फरशी पुसायची, कपडे धुवायचे ते बाईनं. वायर जोडायची ती ‘थोडंफार येतं’ अशा घरातल्या पोरानं. म्हणजे जोडणी एकाची आणि जीव दुसरीचा.

अर्थिंगसोबत दुसरी वस्तू आरसीसीबी, 30 मिलिअँपिअरचा. वीज भलत्या वाटेनं जायला लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. दोन हजारांच्या आसपास मिळतो. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं. मोठ्या लोडच्या जोडण्यांना असं संरक्षण नियमानं सक्तीचं आहे, आपल्यासारख्या लहान जोडण्या त्यातून सुटतात. ज्या घरात भिंतीला ओल, पत्र्याचं छत आणि जमिनीवर पाणी, त्याच घराला सूट! ही सूट रद्द व्हावी अशी मागणी आपण लावून धरली पाहिजे. आणि भाड्याच्या खोलीत अर्थिंग करून देणं हे खोलीमालकाचं काम आहे, भाडेकरूवर उपकार नाही.

यावर ‘त्याची वेळच भरली होती’ असं आपल्यातही बोललं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. नशीब आणि गेल्या जन्माचं पाप आपण कधीच नाकारलं, मग तुटलेल्या हिरव्या वायरीपाशी ते परत कसं येतं? विजेनं मृत्यू झाला तर वीज कायदा 2003 च्या कलम 161 प्रमाणे विद्युत निरीक्षकांना कळवावं लागतं, आणि ते चौकशी करू शकतात. घाईघाईत अंत्यविधी उरकू नका. पोलिसांत नोंद करा, पोस्टमॉर्टेम होऊ द्या आणि ती वायर, तो कूलर तसाच ठेवा.

जयंतीच्या रोषणाईला मंडळं वर्गणी काढतात, काढावीच. त्यातूनच परवानाधारक वायरमनचे दोन दिवसांचे पैसे काढा आणि गल्लीतला प्रत्येक कूलर, प्रत्येक बोर्ड तपासून घ्या. हे काम कूलर माळ्यावरून खाली उतरतो तेव्हाच व्हावं, कारण वर्षभरात उंदरांनी वायर कुरतडलेली असते.

आणि कुणी चिकटलंच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडावर उभं राहून कोरड्या काठीनं त्याला बाजूला ढकला. काही ठिकाणी माणसाला वाळूत किंवा मातीत पुरतात, तळपाय चोळतात. त्यात लाखमोलाची मिनिटं जातात. 108 ला फोन लावायला एकाला सांगा. श्वास चालत नसेल तर दुसऱ्यानं लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, कोपर न वाकवता, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायला सुरुवात करावी. मोठ्या माणसाची छाती साधारण 5 सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. मदत येईपर्यंत थांबू नका, थकलात तर दुसऱ्याला बसवा. माणूस उठून बसला, ‘मला काही झालं नाही’ म्हणाला, तरी त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्या. बोटावरचा डाग तिळाएवढा दिसला तरी आत किती भाजलंय ते बाहेरून कळत नाही.