बर्फावरची घसरगुंडी आणि ओसरीवरचे न्यायाधीश

सोलापुराहून तुळजापुरास जाणाऱ्या रस्त्यावर तामलवाडी लागते. कोजागिरीच्या सुमारास भवानीच्या दर्शनास पायी निघालेल्या भक्तांचे थवे याच वाटेने जातात. गेल्या उन्हाळ्यात या गावी एका स्नेह्यांच्या ओसरीवर आम्ही बसलो असता त्यांच्या नातवाचे छायाचित्र हातोहात फिरले. मुलगा चीन देशात वैद्यकी शिकतो. छायाचित्रात तो पायांस दोन लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावर उभा होता. उभा कसला, पडण्याच्या बेतात होता! मंडळींतील एका पोक्त गृहस्थांनी तत्काळ निकाल दिला : "येथे आम्ही टँकरची वाट पाहतो आणि तेथे हा घसरगुंड्या खेळतो. शिकायला धाडला की चैनीला?"

हा निकाल आम्हांस मुळीच मान्य नाही. असले निकाल पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांतही रोज दिले जातात, म्हणून हा लेखनप्रपंच.

परदेशी गेलेल्या आमच्या मुलांचा खरा दोष चैन हा नव्हे. पाच-सहा वर्षे आपल्याच मुलुखाच्या चारदोघांत राहावे, खोलीत वरणभात शिजवावा, इंग्रजीतून व्याख्याने ऐकावी, आणि रुग्णालयात चिनी म्हातारीला 'कोठे दुखते?' एवढेही विचारता येऊ नये, हा तो दोष होय. यास मात्र आम्ही 'मुलगा सरळ आहे' म्हणून वाखाणतो!

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. ते तेथील भाषा शिकले, तेथील सैनिकांत व खेडुतांत राहिले, ग्वो छिंगलान या चिनी परिचारिकेशी विवाहबद्ध झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, हबेई प्रांतात निवर्तले. त्याच प्रांतातील चोंगली येथे २०२२च्या हिवाळी ऑलिंपिकमधील बर्फावरच्या कित्येक शर्यती झाल्या. कोटणीसांच्या त्यागाशी आम्ही एका विद्यार्थ्याच्या खेळाची तुलना करीत आहो, असे कोणी म्हणेल. त्यागाची तुलना करण्याइतके आम्ही वेडे नाही. परक्या देशात राहावे कसे, एवढाच येथे प्रश्न आहे.

त्या उतारावर दुभाषी नसतो. एका रुंद फळीवर दोन्ही पाय बांधले तर ते 'दानबान', पायागणिक एक फळी असेल तर 'शुआंगबान'. गुडघे वाकव, वजन पुढे टाक, हे सारे चिनी भाषेतच ऐकावे लागते, आणि न समजल्यास त्याची शिक्षा तत्क्षणी मिळते. आमच्या कोणत्या महाविद्यालयात भाषा इतक्या चोख पद्धतीने शिकविली जाते? गमतीची गोष्ट अशी की, या खेळाचे चिनी नाव 'हुआश्वे', म्हणजे अक्षरशः हिमावर घसरणे. आमच्या पोक्त गृहस्थांनी अजाणता भाषांतर मात्र अचूक केले होते!

त्यांच्या बोलण्यात एक खरा आक्षेप दडलेला होता, तो आम्ही झाकणार नाही. २०२२च्या त्या स्पर्धांतील बर्फ जवळजवळ सर्वच यंत्राने केलेला होता, आणि तोही पाण्याची टंचाई असलेल्या उत्तर चीनमध्ये. टँकरवाल्या गावाने याविषयी जरूर विचारावे. परंतु मग तो प्रश्न पाण्याचा म्हणून विचारावा; पोराच्या चैनीशी त्याची गाठ घालू नये. त्या गृहस्थांच्या स्वतःच्या रानात त्या वेळी ऊस उभा होता, हे आम्ही तेथे बोललो नाही. येथे बोलतो.

संध्याकाळी मुलाचा दूरध्वनी आला. आजोबांनी पहिला प्रश्न केला, "पडलास तेव्हा उठविले कोणी?" तेथल्याच एका बाईंनी हात दिला आणि 'मान मान लाय' म्हणाल्या, असे त्याने सांगितले. म्हणजे काय, तर सावकाश, हळूहळू होऊ दे. आजोबांनी ते शब्द दोनदा घोकले व सुनेला हाक मारून ऐकविले. पोक्त गृहस्थ तेवढ्यात विचारते झाले, "फळ्यांचे भाडे किती पडले, ते विचारा."