उसनी तलवार

शिवजयंती जवळ आली की आमच्या गटावर तो मेसेज येतोच. परवाही आला. व्हिएतनामसारख्या एवढ्याशा देशानं अमेरिकेला कसं लोळवलं? तर तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी शिवचरित्र वाचलं होतं. त्यांच्या समाधीवर म्हणे लिहून ठेवलंय की इथं शिवाजी महाराजांचा एक मावळा झोपलाय. त्यांच्या परराष्ट्रमंत्री बाई भारतात आल्या आणि रायगडाची माती कपाळाला लावून पेटीत भरून घेऊन गेल्या. शेवटी, अभिमान असेल तर पुढे पाठवा. मी बीडमध्ये तेहतीस वर्षं पोरांना इतिहास शिकवला आणि हा मेसेज एकदा पुढे पाठवलाय, ही कबुली आधीच देऊन टाकतो.

2024 च्या श्रावणात पुतण्यानं आम्हा दोघांना हनोईला न्यायचं ठरवलं, तेव्हा चहाच्या हॉटेलातल्या मंडळींना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. ‘सर, बाकी काय करायचं ते करा, तेवढा समाधीचा फोटो पाठवा.’

हनोईत पहिली परीक्षा रस्ता ओलांडण्याची. दुचाक्यांचा लोंढा थांबतच नाही. सुभाष रोडवर दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी जी गर्दी असते ती तिथं मंगळवारी सकाळी नऊला असते. एका गाडीवर आई-बाप, दोन लेकरं, दुसरीवर फुलझाडांची अख्खी बाग, तिसरीवर उभा फ्रीज. आम्ही दहा मिनिटं कडेलाच. शेवटी हॉटेलातल्या मुलानं शिकवलं. थांबायचं नाही, पळायचं नाही, मागं तर अजिबात फिरायचं नाही. एका चालीनं चालत राहायचं, गाड्या आपल्या आपण वळतात. देवाला सोडलेला वळू आपल्या मोंढ्यातून जातो ना, अगदी तस्सं. त्याला कुणी हॉर्न देत नाही आणि तोही कुणाकडे बघत नाही. एकदा हे ध्यानात आल्यावर मी दिवसभर विनाकारण रस्ते ओलांडले.

आम्ही पोचलो तो दिवस त्यांच्या सातव्या चांद्रमासाची पौर्णिमा. पितरांचा दिवस. जुन्या हनोईत एकेका धंद्याची एकेक गल्ली असते आणि गल्लीचं नावही मालावरूनच: हांग बाक चांदीची, हांग थिएक पत्र्याची. हांग मा या गल्लीत सगळा कागदी माल. कागदाचे सदरे, कागदाचे बूट, कागदी मोबाइल, नोटांच्या थप्प्या आणि कागदाची मोटारसायकल. हे सगळं पितरांच्या नावानं जाळायचं. ‘आपण नुसतं जेवू घालतो, हे गाडीसुद्धा देतात,’ असं म्हणत आमच्या मंडळी बराच वेळ त्या मोटारसायकलीपुढे उभ्या.

त्यांना मांस-मच्छी चालत नाही, त्यामुळे जेवणाची काळजी होती. एका पाटीकडे बोट दाखवून पुतण्या म्हणाला, ‘काका, इथं चाय आहे.’ मला वाटलं चहा. आत गेलो तर भात, टोफू, केळफुलाची कोशिंबीर. ‘चाय’ म्हणजे त्यांच्याकडे शाकाहार. महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला पुष्कळ लोक तो पाळतात, म्हणून त्या दिवशी बसायला जागा नव्हती. आपल्याकडे एकादशीला साबुदाण्याचं होतं तेच. बाहेर खांद्यावर कावड घेऊन बसलेल्या बाईच्या टोपलीत आमचं सीताफळ! हो, आमचंच. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे हक्क सांगायची सवय लागलीय. मूळचं ते अमेरिका खंडातलं, इथंही पाहुणं आणि तिथंही. मंडळींनी खुणेनं नाव विचारलं. बाई म्हणाली, ‘ना.’ ‘ना काय ना,’ मंडळी म्हणाल्या, ‘सीताफळच आहे!’ हनोईकडे सीताफळाला ‘ना’च म्हणतात, हे पुतण्यानं मोबाइलमध्ये बघून सांगेपर्यंत दोघींचा सौदा झालाही होता.

दोन दिवसांनी समाधी. बा दिन्ह चौकात 2 सप्टेंबर 1945 ला हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्याची घोषणा वाचली आणि 1969 मध्ये त्याच तारखेला ते वारले. चौकासमोर करड्या दगडाची ती चौकोनी वास्तू उभी आहे, 1975 ला खुली झालेली. पुतण्या अर्ध्या चड्डीत आला होता, त्याला परत जाऊन पँट घालून यावं लागलं. टोपी काढायची, हात खिशात नाही, दोन-दोनच्या रांगेत, बोलणं बंद. इथंही थांबायचं नाही, चालत राहायचं. पांढऱ्या गणवेशातले शिपाई. आत एकदम गारवा, आणि काचेच्या पेटीत पिवळसर उजेडात निजलेला एक कृश म्हातारा. पांढरी विरळ दाढी, छातीच्या खाली ठेवलेले हात. नोटांवर सगळीकडे हाच चेहरा पाहिला होता, आपल्याकडे गांधीजी असतात तसा. आपलं दहन करावं आणि राख देशाच्या उत्तर, मध्य आणि दक्षिण भागातल्या टेकड्यांवर ठेवावी, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. ते कुणी ऐकलं नाही. मृत्युपत्र मोठ्या माणसाचं असलं की त्याला कुणी विचारत नाही बहुतेक.

मी मान वळवून वळवून शोधलं. महाराजांचं नाव कुठं नाही. वास्तूच्या माथ्यावर फक्त ‘अध्यक्ष हो ची मिन्ह’, बास. आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून बाहेरूनच काढला आणि गटावर टाकला. पाचव्या मिनिटाला उत्तर आलं, ‘आत फोटो काढू देत नाहीत? म्हणजे आतच लिहिलेलं असणार.’

संध्याकाळी होआन किएम तळ्यावर गेलो. या नावाचा अर्थच ‘परत केलेली तलवार’. लोककथा अशी की ले लोई नावाच्या सरदाराला पाण्यातल्या नागराजानं दैवी तलवार दिली. तिच्या जोरावर तो 1418 पासून दहा वर्षं मिंग चिन्यांशी लढला. डोंगरात दबा धरून, रसद तोडून, माघार घेऊन पुन्हा झडप घालून लढला. मिंग गेले, तो राजा झाला, आणि एके दिवशी तळ्यात नाव घेऊन फिरत असताना एक भलं मोठं कासव वर आलं: काम झालं, आता देवाची तलवार परत कर. त्यानं दिली. तिथल्या शेवटच्या कासवाला लोक ‘आजोबा’ म्हणायचे. ते जानेवारी 2016 मध्ये मेलं आणि आता तळ्यातल्या देवळात काचेच्या पेटीत आहे.

मी बाकावर बसून हिशेब केला. ले लोई राजा झाला 1428 ला. महाराजांचा जन्म 1630 चा. त्याच्याही आधी, तेराव्या शतकात, त्रान हुंग दाव या सेनापतीनं मंगोलांना दोनदा पिटाळलेलं. गनिमी कावा शिकायला या लोकांनी रायगडापर्यंत कशाला यावं? आपणही तुळजाभवानीनं तलवार दिली म्हणतो, आणि अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून ती लंडनहून आणायच्या घोषणा ऐकतोय. मी हनोईला निघालो त्याच्या महिनाभर आधी लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली होती, तीन वर्षांच्या बोलीवर. ले लोईनं उसनी घेतलेली परत केली. आम्ही आमची म्हणतो ती उसनी आणली.

शेवटच्या दिवशी पुतण्या रेल्वे बघायला घेऊन गेला. दोन्हीकडे घरं आणि मधून एकच मीटरगेजचा रूळ, लहानपणी जालन्याला पाहिलेला तसा. रुळालगत कॉफीची टेबलं. एका बाईनं शिट्टीसारखा आवाज काढला, पटापट टेबलं आत गेली, वाळत घातलेले कपडे आत गेले, आम्हाला तिनं दंड धरून भिंतीला टेकवलं आणि आगगाडी हातभर अंतरावरून धडधडत गेली. मंडळींनी डोळे मिटून घेतले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुरानं म्हणून सांगितलं. डिझेलचा धूर होताच. नगर-बीड-परळी मार्ग मंजूर झाला 1995 ला. 2022 मध्ये गाडी आष्टीपर्यंत पोचली होती आणि आम्ही बीडकर वाट बघत होतो. इथं लोकांच्या मोरीजवळून रेल्वे जाते! बीडला पहिली गाडी आली ती 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिदिनी. मी स्टेशनवर गेलो होतो. भिंत नव्हती, तरी सवयीनं दोन पावलं मागं सरलो.

परवा मेसेज आला तसा मी हॉटेलात जाऊन ले लोईची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी कासवासकट. फोटो मागणारे आमचे मित्र बशीत चहा ओतून ऐकत होते.

‘म्हंजे तिकडं पण तलवार देवानंच दिली?’

‘हो.’

‘अन् काम झाल्यावर परत घेतली?’

‘घेतली.’

त्यांनी बशी तोंडाला लावली, एक घोट घेतला, मग खाली ठेवली. ‘सर,’ ते म्हणाले, ‘मग आपली लंडनला हाय का आईकडं?’