परवडणारा समुद्र

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, लिंकनशायर परगण्यात, स्केग्नेसहून उत्तरेस इंगोल्डमेल्स आणि मेबलथॉर्पच्या दिशेने जाणाऱ्या प्रवाशाला समुद्र सहसा लगेच दिसत नाही. 1953 च्या जानेवारीअखेरीस उत्तर समुद्राने एका रात्रीत हा सखल मुलूख बुडवला आणि एकट्या इंग्लंडात तीनशेहून अधिक माणसांचे प्राण घेतले. त्यानंतर जे भक्कम बांध घालण्यात आले, त्यांच्या आड तो समुद्र असतो. बांधाच्या अलीकडे, दृष्टी पोहोचेल तेथवर, पांढुरक्या आणि बदामी रंगाच्या कॅरव्हॅनच्या रांगा उभ्या असतात. चाके असूनही न चालणारी, कारखान्यातून मालमोटारीवर लादून आणलेली आणि मग वर्षानुवर्षे एकाच जागी मुक्काम करणारी ही घरे ज्या आवारात असतात त्याला तेथे हॉलिडे पार्क म्हणतात. आणि नॉटिंगहॅम, लेस्टर, डर्बी, शेफील्ड या शहरांतील गोदामांत, रुग्णालयांत आणि शाळांच्या स्वयंपाकघरांत राबणारी असंख्य माणसे आपल्या वार्षिक रजेतील एखादा आठवडा येथे काढतात. या रांगांकडे पाहून सुशिक्षितांनी नाक मुरडावे, अशी तेथे जुनी रीत आहे. माझे मत असे आहे की विसाव्या शतकात इंग्रज समाजाने श्रमजीवी माणसासाठी जी मनःपूर्वक आदर करण्याजोगी कामे केली, त्यांत या स्वस्त सुटीची गणना झाली पाहिजे; आणि ती सुटी आज त्याच माणसाच्या आवाक्याबाहेर जाऊ लागली असेल, तर तो निव्वळ बाजारभावाचा प्रश्न समजून स्वस्थ बसता येणार नाही.

या सुटीच्या वंशावळीत दोन भिन्न कुळे एकत्र आली आहेत. पहिले कुळ सुखवस्तूंचे. आरमारातून निवृत्त झालेले शल्यचिकित्सक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी 1885 साली ब्रिस्टलच्या एका कारखान्यात ‘वाँडरर’ नावाचे, घोड्यांनी ओढण्याचे लाकडी घर बांधवून घेतले आणि गाडीवान व नोकर यांच्यासह त्यातून देशभ्रमण केले. 1907 साली स्थापन झालेला कॅरव्हॅन क्लब हा त्याच हौसेचा विस्तार होय. दुसरे कुळ श्रमिकांचे. जॉन फ्लेचर डॉड या समाजवादी विचारांच्या दुकानदाराने 1906 साली नॉरफोकमधील केस्टर येथे समुद्रकाठी तंबू ठोकून कष्टकऱ्यांसाठी शिबिर चालू केले. तेथे मद्याला मज्जाव होता आणि शिबिरातील कामांत प्रत्येकाने हात लावावा, अशी अपेक्षा होती. पुढे 1936 साली बिली बटलिन यांनी स्केग्नेसला आपली पहिली वसाहत उघडली आणि एका आठवड्याच्या पगारात एका आठवड्याची सुटी, असा तिचा पुकारा केला. 1939 साली त्याच किनाऱ्यावर डर्बीशायरच्या खाणकामगारांची स्वतःची सुटी-वसाहत उभी राहिली. महायुद्धानंतर ही दोन्ही कुळे एकमेकांत मिसळली आणि ज्या कॅरव्हॅनमधून एके काळी सरदारी हौसेने भ्रमण होत असे, ती खाणकामगाराच्या कुटुंबाचे आठवडाभराचे घर झाली.

हे परिवर्तन आपोआप घडले, असे मात्र कोणी समजू नये. समुद्र सर्वांचा असला, तरी त्याच्यापर्यंत पोहोचण्यास मनुष्याला मोकळे दिवस लागतात, आणि मोकळ्या दिवसांचा पगार कापला जात असेल तर ते दिवस मोकळे राहत नाहीत. लॉर्ड ॲम्युल्री यांच्या समितीच्या शिफारशीनंतर 1938 साली ब्रिटिश पार्लमेंटने पगारी रजेचा कायदा संमत केला. त्याने सर्व कामगारांना सरसकट रजा दिली नाही, वेतन ठरवणाऱ्या मंडळांना आठवडाभराची पगारी रजा लागू करण्याचा अधिकार तेवढा दिला. तथापि विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून श्रमाच्या मोबदल्याचाच भाग आहे, हे तत्त्व त्यातून कायद्याच्या दप्तरी दाखल झाले. पुढील दशकभरात या तत्त्वाने देशांच्या सीमा ओलांडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील चोविसावे कलम विश्रांतीचा, फावल्या वेळेचा आणि ठराविक काळाने मिळणाऱ्या पगारी सुटीचा हक्क प्रत्येक माणसाला देते. आणि त्याच वर्षीच्या आपल्या कारखाना अधिनियमाने वर्षभर काम करणाऱ्या कामगाराला कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवसाची पगारी रजा देऊ केली.

रजेचा प्रश्न काही अंशी सुटला, तेव्हा जागेचा प्रश्न उभा राहिला. युद्धोत्तर काळात घरांची टंचाई आणि सुटीची ओढ या दोहोंमुळे वाटेल तेथे कॅरव्हॅन उभ्या राहू लागल्या. सांडपाण्याची सोय नाही, पिण्याच्या पाण्याचा भरवसा नाही, आणि एका ठिकाणी आग लागली तर शेजारची दहा घरे वाचतील याची हमी नाही, अशी अवस्था पुष्कळ ठिकाणी होती. त्यावर 1960 च्या कायद्याने तोडगा काढला. आवाराच्या मालकाला आधी नियोजनाची परवानगी आणि मग स्थानिक कौन्सिलचा परवाना घेणे आवश्यक ठरले, आणि दोन कॅरव्हॅनमधील अंतर, अग्निशामक साधने, पाणी, मोरी, शौचकूप यांविषयीच्या अटी त्या परवान्याला जोडण्याचा अधिकार कौन्सिलला मिळाला. स्वस्त म्हणजे गलिच्छ किंवा धोकादायक असे समीकरण होऊ न देणारी ही व्यवस्था कोणाच्या विशेष लक्षात येत नाही. पण माफक पैशांत आलेला पाहुणा तेथे रात्री निर्धास्त झोपतो, तो तिच्याच जोरावर. हल शहराच्या आसपास, विलरबी, कॉटिंगहॅम, बेव्हर्ली या नावांशी निगडित झालेला कॅरव्हॅन बांधण्याचा जो मोठा उद्योग वाढला, त्यालाही या शिस्तीने स्थैर्य दिले.

आता त्या घराच्या आत जाऊ. दोन किंवा तीन अरुंद खोल्या, एक बैठकीची जागा, तिथला कोच रात्री उलगडून होणारे जादा अंथरूण, गॅसची शेगडी आणि तिच्याशेजारी जेमतेम दोन माणसांना उभे राहता येईल एवढे स्वयंपाकघर. सहा-आठ जणांची निजण्याची सोय यात होते आणि भाडे माणशी वाटले गेले, की ज्याला एकट्याच्या जिवावर हॉटेलची एक रात्रही परवडली नसती, त्याला चार दिवस समुद्रकाठी राहता येते. हे गणित मित्रांखेरीज जुळत नाही, आणि या सुटीचे खरे मूल्य मला येथेच आढळते. पुष्कळ खोल्यांच्या हॉटेलात स्नेही मंडळी एकमेकांना जेवणाच्या वेळी भेटतात. कॅरव्हॅनमध्ये मात्र पाणी कोणी तापवायचे, बाजारहाट कोणी करायचा, बैठकीतल्या अंथरुणावर सर्वांच्या शेवटी निजून सर्वांच्या आधी उठायचे कोणाच्या वाट्याला, हे रोज ठरवावे लागते. आणि वर्गणीचा जमाखर्च मांडताना ज्याच्या हातात कमी आहे त्याला ते जाणवू न देण्याची काळजी इतरांना घ्यावी लागते. उत्तर समुद्रावरचा पाऊस पत्र्याच्या छपरावर दिवसभर वाजत राहिला, तर बाहेर जाण्याचा मार्ग खुंटतो आणि पत्त्यांचा डाव, चहाची किटली व जुन्या गोष्टी यांवर दिवस काढावा लागतो. वर्षभर वेळापत्रकाने बांधलेल्या माणसांना एकमेकांची संगत इतक्या सलगपणे क्वचितच लाभत असेल.

इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना या व्यवस्थेतील स्वयंपाकघराचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. दोन-तीन कुटुंबांनी मिळून एखादी मोठी किंवा शेजारशेजारच्या दोन कॅरव्हॅन घ्याव्यात, कुकर आणि मसाल्याचा डबा घरूनच न्यावा, दुपारी किनाऱ्यावर व्हिनेगर शिंपडलेल्या बटाट्याच्या गरम चिप्स खाव्यात आणि रात्री वरणभातावर तुपाची धार धरावी, हा बेत तेथील मध्यमवर्गीय मराठी घरांना सहज जमणारा आहे. मुलांना शेजारच्या कॅरव्हॅनमधील इंग्रज मुलांबरोबर वाळूत खेळायला मिळते आणि आजीला तिच्या पथ्याचे जेवण मिळते. परक्या देशात रुळण्याच्या कामी अशा आठवड्याचा उपयोग मोठा आहे.

या रांगांनी किनारा विद्रूप होतो, असा आक्षेप जुना आहे आणि तो सर्वस्वी निराधार नाही. वाळूच्या टेकड्या आणि त्यांवरील वनस्पती एकदा उखडल्या की सहजी परतत नाहीत, आणि समुद्राची पातळी वाढत असताना सखल जमिनीवर हजारो घरे उभी करणे हे जबाबदारीचे काम आहे. परंतु या आक्षेपाचे उत्तर परवान्याच्या कडक अटींत आणि योग्य जागेच्या निवडीत आहे. एखाद्या दृश्याचे सौंदर्य राखण्यासाठी गोदामातील हमालाने समुद्र पाहूच नये, असा निष्कर्ष जे काढतात, त्यांच्या स्वतःच्या सुट्या बहुधा अन्यत्र सुरक्षित असतात.

खरी चिंता दुसरीकडे आहे. शाळा चालू असताना ज्या कॅरव्हॅनचे भाडे माफक असते, तिचेच भाडे शाळांना सुटी लागताच कित्येक पटींनी वाढते. मुलांना सत्राच्या मध्येच घेऊन जावे, तर दंड होतो. आयल ऑफ वाइट येथील एका पालकाच्या खटल्यात 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने हा दंड ग्राह्य धरला. म्हणजे ज्यांच्यासाठी ही सुटी निर्माण झाली, त्या लेकुरवाळ्या कुटुंबांनाच ती सर्वांत महाग पडते. वर्तमानपत्रातील कुपने कापून घेतलेल्या अल्प दराच्या सुटीवरही अंथरुणे-पांघरुणे, करमणुकीचे पास, कुत्र्याचे शुल्क अशी भर पडत जाते. शिवाय हॉलिडे पार्कच्या मोठ्या समूहांची मालकी गुंतवणूक संस्थांकडे जात आहे. हेवन या नावाची हॉलिडे पार्क चालवणाऱ्या बोर्न लेझर समूहात 2021 साली ब्लॅकस्टोन या अमेरिकी संस्थेने बहुमताचा हिस्सा घेतला. नफ्याची अपेक्षा ठेवणे हा गुन्हा नव्हे. परंतु साध्या कॅरव्हॅन हटवून त्यांच्या जागी गरम पाण्याच्या स्नानकुंडांसह महागडे लाकडी बंगले बसवणे अधिक लाभाचे ठरत असेल, तर केवळ लाभाच्या हिशेबाने चालणारे आवार शेवटी कोणाचे होणार, हे उघड आहे.

म्हणून मला वाटते की 1960 च्या कायद्याने जशी पाण्याची आणि अग्निसुरक्षेची अट घातली, तशी आता परवडण्याचीही अट घालावी. किनाऱ्यावर नव्या आवाराला परवानगी देताना काही हिस्सा साध्या कॅरव्हॅनसाठी आणि शालेय सुटीतील काही आठवडे माफक दरासाठी राखून ठेवण्याचे बंधन कौन्सिलांना घालता यावे. टाळता न येणारे प्रत्येक शुल्क मूळ किमतीतच दाखवण्याची सक्ती ब्रिटनच्या 2024 च्या ग्राहकविषयक कायद्याने केली आहे. अंथरूण-पांघरुणाचाही त्यात अंतर्भाव झाला, तर गरिबाला आपला खर्च आधीच ठरवता येईल. फॅमिली हॉलिडे चॅरिटी ही 1975 पासून कार्य करणारी संस्था, ज्यांना सुटी घेणे शक्यच नसते अशा कुटुंबांना थोडे दिवस बाहेर पाठवते; असे कार्य केवळ दात्यांच्या औदार्यावर विसंबून राहू नये.

आपल्याकडेही याचा विचार करण्याची वेळ आली आहे. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे आणि कोकणात निवास व न्याहारीची घरे ठिकठिकाणी आहेत. परंतु मे महिन्यात आणि दिवाळीत गिरणगावातील, भोसरीतील किंवा इचलकरंजीतील चार कामगार कुटुंबांना मिळून समुद्रकाठी तीन दिवस राहता येईल, आपला स्वयंपाक आपण करता येईल आणि शौचकूप व पाण्याविषयी निश्चिंत राहता येईल, अशा जागा किती आहेत, याची रुजुवात धोरणकर्त्यांनी करावी. आपल्या देशात असंघटित कामगारांची संख्या प्रचंड आहे, आणि 1948 च्या अधिनियमातील पगारी रजा त्यांतील बहुतेकांपर्यंत पोहोचलेलीच नाही. त्यांना आधी रजा हवी आणि मग जागा हवी. पण जागा उभारताना त्यांचा विचार न केला, तर रजा मिळेल त्या दिवशी किनाऱ्यावर त्यांना बसायला ठाव उरणार नाही.

श्रमणाऱ्या माणसाला मित्रांच्या संगतीत, आपल्या कमाईतून, कोणाचे उपकार न घेता समुद्रकाठी चार दिवस राहता यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. इंग्लंडने ती कायद्याने, परवान्याने आणि चिकाटीने एकदा बऱ्याच अंशी पूर्ण करून दाखवली आहे. जे एकदा लोकांच्या मागणीने साध्य झाले, ते टिकवण्यासाठीही मागणीच करावी लागते. आणि ती तेथील कौन्सिलांपुढे जितक्या स्पष्टपणे मांडली पाहिजे, तितक्याच स्पष्टपणे आपल्या सरकारपुढेही मांडली पाहिजे.