खांबावर नाव आहे, सातबाऱ्यावर का नाही?



रायगडचा किनारा म्हटला की आपल्याला काय आठवतं? जंजिरा, कुलाबा, कोर्लई. सिद्दी, आंग्रे, पोर्तुगीज. सगळे लढणारे पुरुष. त्यांच्या लढाया आपण शाळेत पाठ केल्या. पण याच किनाऱ्यावर, राजपुरीच्या खाडीजवळ, तळा तालुक्यातल्या कुडा गावच्या डोंगरात २६ बौद्ध लेणी आहेत, सुमारे १८०० ते २००० वर्षांपूर्वीची. तिथले ब्राह्मी लिपीतले, प्राकृत भाषेतले लेख जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली छापले. त्यामुळे ‘कुणाला वाचता येत नाही’ ही सबब कधीच संपली आहे.

त्या लेखांत कोण भेटतं? पदुमनिका नावाची भिक्खुणी भेटते. ती स्वतःची ओळख भिक्खुणी नागनिकेची मुलगी अशी करून देते. (नाणेघाटातली राणी नागनिका वेगळी.) बोधी आणि असाळ्हमिता या शिष्यिणींना सोबत घेऊन तिनं लेणं आणि पाण्याचं टाकं दान केलं. भायिला भेटते. ती ब्राह्मणाची बायको, आणि दान दिलं ते बौद्धांच्या चैत्यगृहाचं. राजाच्या अमात्याची मुलगी गोयम्मा आहे. लेखक, म्हणजे कारकुनी करणारा शिवम, याच्या दानात त्याची बायको विजया सामील आहे, मुलगे आहेत. आणि खांब आहेत ते सपा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता या मुलींच्या नावाचे. इथला सत्ताधीश महाभोज खंदपालित, त्याचीही ओळख महाभोजी विजयेचा मुलगा अशीच कोरली आहे.

दान म्हटलं की आपण भक्ती पाहतो. मी म्हणते, आधी मालकी पाहा. जिच्या हातात काही नाही, ती देणार काय? डोंगर फोडून घ्यायला पैसा लागतो, धान्य लागतं. तो या बायकांच्या हाती होता, आणि देताना त्यांनी आपलं नाव घालून घेतलं.

आता कुणी लगेच ‘पाहा, प्राचीन काळी आपल्याकडे स्त्रीला केवढा मान होता!’ असं भाषण सुरू करील. त्यांनाही आपण थांबवायला हवं. भायिला कुणाची तरी बायको म्हणून नोंदली आहे, गोयम्मा कुणाची तरी मुलगी म्हणून. या खात्यापित्या घरच्या बायका. संघाच्या नियमांत भिक्खुणी कितीही ज्येष्ठ असली तरी भिक्खूच्या खालीच होती. आणि हा डोंगर ज्यांनी फोडला, त्यांच्या घरच्या बायकांची नावं कुठे आहेत? त्यांच्यासाठी भाकरी भाजणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या बायकांची? त्या दगडावर नाहीत. ते सुवर्णयुग नव्हतं. सुवर्णयुगाच्या गोष्टी सांगून आजचा हक्क नाकारणं ही जुनी युक्ती आहे.

पण एक गोष्ट या खांबांनी पक्की केली आहे. ‘मुलीच्या नावावर मालमत्ता ही आपली रीत नाही, हे शहरातल्या बायकांचं खूळ’ हे म्हणणं खोटं आहे.

आणि हे म्हणणं ऐकू येतं कुठे? याच किनाऱ्यावर. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे जमिनीला भाव आला तशा बहिणी अचानक आठवू लागल्या. साडीचोळी येते, गाडी न्यायला येते आणि पुढ्यात हक्कसोडपत्र ठेवलं जातं. ‘माहेर हवं ना? मग सही कर.’ वाडीतली नारळ-सुपारी शिंपताना बहीण घरची असते, विकताना मात्र परक्याची होते.

कायदा तर आपल्या बाजूचा आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क दिला, २००५ साली तो देशभर लागू झाला. २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सांगितलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आलं, तेही चांगलं झालं. पण नुसतं नावापुढे नाव लावून जमीन मिळत नाही. कायद्यानं दिलेलं आपल्याच सहीनं काढून घेतलं जातं, आणि त्या सहीला ‘बहिणीची माया’ म्हणतात.

माया असेल तर ती दोन्हीकडून असू दे. भावानंही एखादं हक्कसोडपत्र लिहून दाखवावं!

म्हणून माझं सांगणं आहे: पुढचं शिबिर कुड्याला घ्या. बायकांची नावं एकेक करून मोठ्यानं वाचा. जंजिऱ्याच्या सहलीला जाणाऱ्या शाळांना इकडेही यायला सांगा. आणि परत गेल्यावर प्रत्येकीनं माहेरचा सातबारा काढून पाहा. तिथे तुमचं नाव आहे का? नसेल तर का नाही, हे विचारा. असेल तर ते आपल्या हातानं खोडू नका.

दोन हजार वर्षं समुद्राचा खारा वारा खाऊन सपाचं नाव टिकलं. आपलं एका सहीत जाऊ द्यायचं का?