अब्जांश कण आणि गावचे पाणी

प्रयोगशाळेत शोध लागला म्हणजे प्रश्न सुटला, हा सुशिक्षितांचा आवडता भ्रम आहे. पश्चिम बंगालातील आर्सेनिकबाधित खेड्यांनी तो केव्हाच खोटा ठरविला आहे. तळ्यांच्या दूषित पाण्यापासून सुटका व्हावी म्हणून तेथे कूपनलिका खोदल्या गेल्या. आणि १९८३ साली त्याच पाण्यातून होणाऱ्या विषबाधेचे निदान कोलकात्यातील डॉक्टरांना करावे लागले. या विषाला रंग नाही, वास नाही. ते हंड्यातून पोटात जाते आणि वर्षानुवर्षांनी त्वचाविकाराच्या व कर्करोगाच्या रूपाने प्रकट होते.

यावर मद्रासच्या आय.आय.टी.मधील रसायनशास्त्र विभागात प्रा. थलप्पिल प्रदीप व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाय शोधला. लोहाची काही संयुगे आपल्या पृष्ठभागावर आर्सेनिक धरून ठेवतात. एक सेंटिमीटर घनाचा पृष्ठभाग अवघा ६ चौरस सेंटिमीटर असतो. त्याचेच एक नॅनोमीटरचे, म्हणजे मीटरच्या एक अब्जांशाचे घन पाडले, तर तो ६,००० चौरस मीटर होतो. थोडक्या द्रव्यात मोठे काम होते ते यामुळे. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानमध्ये हे कण बांधल्याने ते पाण्याबरोबर वाहूनही जात नाहीत.

असे संशोधन जनतेच्या पैशावर उभे राहते. २००७ साली सरकारने नॅनो मिशनसाठी पाच वर्षांकरिता १,००० कोटी रुपये मंजूर केले होते. त्याच वर्षापासून या गटाचे कीटकनाशके काढून टाकणारे तंत्र एका कंपनीच्या घरगुती यंत्रातून बाजारात आले. ज्याच्या खिशात पैसा, त्याला शुद्ध पाणी; मग इतरांनी काय करावे?

गावात यंत्र बसविले म्हणजे उत्तर मिळाले, असेही नाही. पश्चिम बंगालात बसविलेल्या अन्य बनावटीच्या १८ आर्सेनिक-निवारण यंत्रांची जादवपूर विद्यापीठातील संशोधकांनी केलेली तपासणी २००५ साली प्रसिद्ध झाली. लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा त्यांपैकी एकालाही सातत्याने पाळता आली नव्हती. यंत्राचे उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते. द्रव्य बदलणारा, पाणी तपासणारा, विषारी गाळाची विल्हेवाट लावणारा माणूस मात्र नेमला जात नाही.

म्हणून मागणी केवळ यंत्रांची नको. नियमित तपासणीचे निकाल ग्रामसभेपुढे जाहीर झाले पाहिजेत, आणि देखभालीचा खर्च सरकारी अंदाजपत्रकात कायमचा हवा. कार्यकर्त्यांनी हा आग्रह गावोगाव धरला, तरच विद्यापीठातील ज्ञान लोकांच्या मालकीचे होईल.