‘इज’ म्हणजे आज

मी ‘वॉक-एड’ म्हणालो आणि अख्खा वर्ग हसला.

एफ.वाय.चं वर्ष. मी मराठी माध्यमातून आलेला, वस्तीतला, मागच्या बाकावरचा. पुढच्या बाकांवरची कॉन्व्हेंटची पोरं हसली, प्राध्यापकही हसले. ‘अरे, लिहिताना एड, पण बोलताना वॉक्ट’, एवढं सांगायला कुणाची जीभ रेटली नाही. पुढं दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. माझ्या शेजारी बसणारा दोस्त तर कॉलेजच सोडून गेला. जाताना म्हणाला, ‘इंग्रजी आपल्या रक्तात नाय रे.’

रक्तात! विद्या रक्तातून येते हे कुणाचं शास्त्र, दोस्तांनो? मनूचं. तेच शास्त्र आमच्या पोराच्या तोंडून वदवून घेतलं, आणि तेही एका ‘एड’च्या जिवावर.

म्हणून मी आज व्याकरण लिहितोय. लढ्याच्या पानांवर ही मास्तरकी कशाला, असं विचाराल. आधी वाचा, मग विचारा.

इंग्रजीच्या नियमित क्रियापदाला रूपं किती? चार. वॉक, वॉक्स, वॉक्ट, वॉकिंग. संपलं. शाळेत बारा काळांचा तक्ता पाठ नाही म्हणून आम्ही छड्या खाल्ल्या. पण ही चार रूपं आणि बी, हॅव, विल हे तीन मदतनीस, एवढ्या भांडवलावर बारा काळ उभे राहतात, हे कुणी सांगितलं नाही.

आता उच्चार. क्रियापदाचा शेवटचा आवाज बघा. ट किंवा ड असेल तर ‘इड’: वॉन्टिड, नीडिड. क, प, स, श, च, फ असा अघोष असेल तर ‘ट’: वॉक्ट, हेल्प्ट, लाफ्ट. बाकी सगळीकडं ‘ड’: कॉल्ड, प्लेड. झालं! दोन वर्षांचं माझं मौन या तीन ओळींसाठी होतं. तीन ओळी लपवून आमची पिढीच्या पिढी मुकी ठेवली.

आणि एक सांगतो. गावात आमच्या मराठीत पाटील ‘आले’ आणि माझा बाप ‘आला’. रस्ता एक, वेळ एक, पण क्रियापद वाकतं कुणापुढं? इंग्रजीचा भूतकाळ वाकत नाही. पाटीलही वॉक्ट, बापही वॉक्ट, आईही वॉक्ट. इंग्रजी काही संत नव्हे. तिनं जगभर माणसं गुलाम केली. १८३५ साली मेकॉलेनं खलिता लिहिला तो काय आपल्या वस्तीसाठी नव्हता. पण तिचा नियम जात विचारत नाही. जात विचारतो तो शिकवणारा.

हेच लोक आम्हाला मायबोलीची महती सांगतात. स्वतःची पोरं कॉन्व्हेंटात, आमच्या पोरांना मायबोली! महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी यायला २००० साल उजाडावं लागलं. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारलं, त्यांनी फारशी घेतली. पुढं १९१३ साली ते कोलंबियात गेले आणि १९३६ साली जातिव्यवस्थेचा पंचनामा इंग्रजीत छापून साऱ्या जगापुढं ठेवला. नाकारलेल्या भाषेसाठी रडत बसले नाहीत.

१९४२ साली नागपुरात त्यांनी तीन क्रियापदं दिली. एज्युकेट, अॅजिटेट, ऑर्गनाइझ. तिन्ही नियमित. तिन्ही आज्ञार्थात, म्हणजे शेपूट नाही, काळ नाही. करा, आणि करत राहा. आमच्यातल्या काही साहेबांनी मात्र त्यांना एड लावून टाकलं. शिकलो, फ्लॅट घेतला, जयंतीची वर्गणी दिली, झालं. साहेब, तुमच्या ‘एज्युकेटिड’ला सलाम, पण तुम्ही हुकमाचा भूतकाळ केलात!

आता खरा मुद्दा. घटनेचं सतरावं कलम. अस्पृश्यतेविषयी तिथं शब्द आहेत ‘इज अबॉलिश्ट’. शेवटी श, म्हणून ट. प्रस्थापित हा एड बघतात आणि म्हणतात, भूतकाळ! संपलं ते, आता कशाला उकरता? खोटं आहे हे. नियमित क्रियापदाचं एडवालं रूप दोन कामं करतं. एकटं आलं तर भूतकाळ. मागं ‘इज’ आलं तर वर्तमानकाळ. घटनेत ‘वॉज’ नाही, ‘इज’ आहे. २६ जानेवारी १९५० ला नष्ट होती आणि आज सकाळीही नष्ट आहे. म्हणजे आज कुणी ती पाळली तर तो आजचा गुन्हेगार आहे, आणि हिशोब आज द्यायचा आहे.

२००६ साली खैरलांजी झालं, तेव्हाही तिथं ‘इज’च होतं. हातानं मैला उचलायला बंदी घालणारा कायदा १९९३ साली आला, २०१३ साली पुन्हा आला. कायद्यात ‘प्रोहिबिटिड’, आणि आमचा माणूस अजून गटारात, ‘क्लीनिंग’. कागदावर एड, गटारात इंग. हे अंतर ज्याला वाचता येत नाही, त्याला कुणीही फसवतो.

म्हणून विहारात रात्री वर्ग घ्या. फळा नसेल तर भिंतीवर कोळशानं लिहा. चार रूपं, तीन उच्चार, आणि ‘वॉज’ व ‘इज’मधला फरक. चुकलेल्याला कुणी हसलं तर हसणाऱ्याला बाहेर काढा, चुकलेल्याला पुढं बसवा.

तो माझा दोस्त कुठं असेल ते ठाऊक नाही. हे पान त्याच्या हाती पडलं तर त्यानं एवढंच वाचावं: रक्ताचा काही संबंध नव्हता, गड्या. तीन ओळी होत्या.

जय भीम.