चिमणी राखली, साचा कोण चालवणार?

लालबाग-परळच्या आमच्या गटात निवृत्त गिरणी कामगार आहेत, आयटीआयची मुलं आहेत आणि जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेली मी आहे. रविवारी सकाळी आम्ही गिरण्यांच्या खुणा बघत फिरतो. छपराला करवतीसारखे दाते का, हे मी सांगते: काचा उत्तरेकडे, म्हणजे थेट ऊन न येता विणकराला दिवसभर सारखा उजेड. साच्याची, म्हणजे यंत्रमागाची, गोष्ट निघाली की मात्र बोलतात ते साचाखात्यात उमेद घालवलेले काका.

मिनिटाला 200च्या आसपास धोटा फेकणारा साचा बाण्याचा धागा तुटल्यावर थांबतो कसा, असं एका मुलीनं विचारलं. दाखवायला साचा नव्हता. काकांनी खिशातला कंगवा काढला, त्याची फणी केली, सुतळीचा बाणा. धागा असला की तो एका छोट्या काट्याला ढकलून वर उचलतो. धागा नसला की काटा खालीच राहतो, अडसरात अडकतो, हँडल सुटतं, साचा थांबतो. वीज नाही, सेन्सर नाही. मुलं बघतच राहिली. मग ते म्हणाले, धोट्याला ठोसा देणारा चामडी पट्टा किती ताणायचा ते आवाजावरून कळायचं. हा आवाज कुठल्या आराखड्यात सापडेल?

कावसजी दावरांनी 1854 साली मुंबईत पहिल्या गिरणीचा पाया घातला. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तेव्हा विशीत असलेला पोरगा आज साठी ओलांडून गेलाय. फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात उभी आहे, काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत महापालिकेनं वस्त्रोद्योग संग्रहालय हाती घेतलं आहे. दोन्ही चांगलंच झालं. पण काचेमागे पुसून ठेवलेला साचा मला नको आहे. त्यातून कामगाराचं कसब दिसत नाही, नुसतं लोखंड दिसतं.

संग्रहालयात साच्यांची निदान एक ओळ चालती हवी. ती चालवायला आणि दुरुस्त करायला जुने कामगार बोलवावेत, त्यांच्या हाताखाली आयटीआयची मुलं द्यावीत. ते शिकवतील ते सगळं आवाजासकट चित्रित व्हावं. आणि हे फुकटात, सत्काराच्या शालीवर भागवू नये. त्यांच्या मानधनाची तरतूद महापालिकेच्या येत्या अर्थसंकल्पातच व्हायला हवी.